नाळेनंच उतरा

जेवण अंमळ जास्तच झालंय. चैत्रातली दुपार, मुरबाडचं ऊन, त्यात वालाचं बिरडं आणि भात. माणूस आडवा होणार नाही तर काय करणार? जनाभाऊ पष्टे मधल्या खोलीत थेट फरशीवरच पसरलेत. सतरंजी घेतलेली नाही, कारण फरशी पाठीला गार लागते. वर पंखा फिरतोय, म्हणजे नुसता फिरतोय, वारा काही खालपर्यंत येत नाही. कुमुदवहिनी शेजारच्यांकडे कुरडया घालायला गेल्यात आणि जाताना बजावून गेल्यात की झोपा खुशाल, पण दार लावून घ्या. दार अर्थातच उघडं आहे.

झोप येतेय आणि येतही नाहीये, आणि त्याला कारणही चांगलं आहे. सकाळी पल्लवीचा फोन येऊन गेला. पल्लवी ही जनाभाऊंची एकुलती एक लेक. ठाण्याला नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की डोंगरात पळते. हे वेड बापाचंच. बाप जन्मभर विजेच्या कामावर वायरमन, आठवडाभर खांबांवर चढायचा आणि रविवारी कड्यांवर. पोरगी शाळेत जायच्या आधी गोरखगड चढून आली होती, आणि हे जनाभाऊंनी ज्याला ऐकवलं नाही असा माणूस मुरबाडात शोधावा लागेल. या खेपेला मात्र ती सह्याद्रीत नाही. मित्रमैत्रिणींबरोबर पार हिमाचलात गेलीय, एक खिंड ओलांडायला. जनाभाऊ स्वतः जन्मात तिकडे गेलेले नाहीत. बर्फ त्यांनी पाहिलाय तो रसवंतीवर भुशात गुंडाळलेला, नाहीतर मासळीच्या पेटीत.

तरीही लेकीनं विचारलं ते त्यांनाच. म्हणाली, बाबा, दोन दिवस बर्फ पडत होता, आज लख्ख ऊन आहे, दुपारपर्यंत खिंडीत पोचू. पलीकडे उतरायला दोन वाटा आहेत. एक डोंगराची धार आहे, लांबलचक, वळसा घालून जाणारी, वर नुसता वारा. आणि एक नाळ आहे, सरळ खाली गावाच्या डोक्यावर उतरते. जिच्या घरी राहिलो ती बाई म्हणते धारेनं जा, नाहीतर दोन दिवस थांबा. आमच्यात दोन तट पडलेत. तुम्ही काय म्हणता?

आता नाळ म्हटल्यावर जनाभाऊंना विचारायचं म्हणजे माशाला पोहायचं का विचारण्यासारखं झालं. डोंगराच्या दोन भिंतींमधली उभी खाच, पावसाळ्यात पाणी जिच्यातून धावत खाली येतं, ती नाळ. सह्याद्रीत भटकणाऱ्याला कडा आडवा आला की तो नाळ शोधतो. ती सापडली की अर्धा जीव भांड्यात पडतो. पाणी उतरतं तिथून माणूस उतरतो, हे जनाभाऊंनी शेकडो पोरांना शिकवलंय. धारेवर वारा उडवून देईल, पाय चुकला तर दोन्ही बाजूंना मोकळं. नाळेत दोन्हीकडे भिंत, हात टेकायला. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाले, त्या बाईला काय कळतंय, नाळेनंच उतरा. नाळ कधी फसवत नाही.

पल्लवी म्हणाली, मलाही तेच वाटत होतं बाबा. आणि फोन ठेवला.

तेव्हापासून स्वारी खुशीत आहे. रिटायर झाल्यावर माणसाला कुणी काही विचारत नाही. घरात मीठ संपलं तरी सांगत नाहीत. आणि इथे हिमालयातून सल्ला मागायला फोन येतो. ते मनातल्या मनात तो फोन पुन्हा ऐकतात, स्वतःचं वाक्य पुन्हा म्हणतात, नाळ कधी फसवत नाही, आणि पंख्याची पाती हळूहळू एकमेकांत मिसळायला लागतात.

पायाशी कुणीतरी बसलंय.

दार उघडं टाकलं की असंच होतं, असं जनाभाऊंना वाटतं. मग दिसतं की तो अनंता आहे. अनंता बिरारी, बाजारपेठेतला कापडवाला. मांडीवर कापडाचा तागा, हातात दुकानातला लोखंडी मीटर, आणि तो मीटर त्यानं जनाभाऊंच्या टाचेपासून लावलाय.

"हलू नकोस, माप चुकेल," अनंता म्हणतो.

अनंता म्हणजे जनाभाऊंचा जिवाचा दोस्त. दोघांनी मिळून आजूबाजूचा एक डोंगर सोडला नाही. मग एका वर्षी अनंता कल्याणच्या पोरांबरोबर हिमालयात निघाला. जनाभाऊंनाही जायचं होतं, पण वरिष्ठांनी रजा नाकारली. अनंता आला तो पेटीतून, आणि पेटी उघडायची नाही असं सांगून. अंगावर बर्फ पडला, एवढंच सोबतच्या पोरांनी सांगितलं. मुरबाडात लोकांनी ते डोक्यात कौल पडल्यासारखंच समजून घेतलं. आणखी काही विचारायचं असतं हे कुणाला सुचलंच नाही. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

हे सगळं जनाभाऊंना माहीत आहे, पण झोपेत माहीत असण्याला काही किंमत नसते. ते नेहमीसारखं विचारतात, चहा टाकू का? अनंता नको म्हणतो, गरम सोसत नाही, दात ठणकतात. मग इकडच्या तिकडच्या गप्पा. अनंता विचारतो, घर एवढं गप्प का, कुमुदवहिनी कुठे, पल्लवी कुठे? आणि जनाभाऊंना हवा तो विषय आयता मिळतो. ते कुशीवर वळून सांगायला लागतात. पोरगी तिकडेच गेलीय, तुझ्या हिमालयात, आज खिंड ओलांडणार, वाट कुठली घ्यायची ते मला विचारलं.

"मग काय सांगितलंस?"

"नाळेनं उतर म्हटलं. दुसरं काय सांगणार?"

अनंता मीटर खाली ठेवतो. तागा गुंडाळायला घेतो आणि बराच वेळ गुंडाळतच राहतो. मग उठून म्हणतो, चल, तुला जरा माल दाखवतो.

दुकानात तोच कोऱ्या कापडाचा वास आहे. मोबाइलची कव्हरं कुठेच नाहीत. गादी घातलेली, फळ्यांवर ताग्यांच्या चळती. अनंता गल्ल्यापुढची लांब फळी मोकळी करतो आणि तिच्यावर आधी मांजरपाट पसरतो, खरबरीत, जाडंभरडं. हा जुना बर्फ, म्हणतो, थंडी सुरू झाली तेव्हाचा, डोंगराला घट्ट धरून बसलेला. त्याच्यावर साटीनचं अस्तर घालतो. हा मधला थर. थंडीनं ह्याची साखर होते, जना. मुठीत दाबून बघ, गोळाच होत नाही, सगळी भुरभुरते. त्याच्यावर सोलापुरी चादरी, एकीवर एक, एकीवर एक. ह्या दोन दिवसांत पडलेल्या. आणि आणखी चादरी. ह्या वाऱ्यानं आणलेल्या. वारा धारेवरचा बर्फ उचलतो आणि टाकतो कुठे?

जनाभाऊ गिऱ्हाइकासारखे गादीवर बसून बघतायत. म्हणतात, पलीकडच्या खड्ड्यात टाकत असेल.

"नाळेत टाकतो," अनंता म्हणतो. "नाळ म्हणजे डोंगराची पन्हळ. आपल्याकडे पन्हळीतनं काय येतं? पाणी. आणि पाणी नसतं तेव्हा वाट मोकळी, म्हणून आपण तिला वाट म्हणतो. तिकडे काय येत असेल?"

तो फळीचं एक टोक उचलतो. फळी जिन्यासारखी तिरकी होते, पण चादरी जागच्या हलत नाहीत. हात फिरव, म्हणतो. जनाभाऊ हात फिरवतात. मऊ, गुबगुबीत, एक सुरकुती नाही. आता बोट टेकव, म्हणतो. जनाभाऊ बोट टेकवतात, आणि साटीनवरचं सगळंच्या सगळं सर्रकन खाली येतं. चादरी येतात, त्यांच्यामागोमाग भिंतीवरच्या फळ्या रिकाम्या होतात, परकर, खण, सुटिंग, शर्टिंग, सगळी चळत दुकानभर पसरते आणि जनाभाऊंच्या मांड्यांपर्यंत चढते.

"अरे, एकदम सगळंच आलं की."

"एकदमच येतं. थोडं थोडं येत नसतं ते."

"पण माणूस बाजूला पळेल ना."

"कुठे पळणार? दोन्हीकडे भिंती."

जनाभाऊ कापडं बाजूला सारायला वाकतात. हाताला लागतं ते ओलं आहे. ते वर बघतात तर दुकानाचं छत कधीच निघून गेलंय, भिंती काळ्या कातळाच्या झाल्यात आणि वर वर गेल्यात, आणि त्यांच्या मधोमध आभाळाची एवढीशी पट्टी. ही जागा त्यांच्या ओळखीची आहे. बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर जाते ती नळीची वाट. ह्या नाळेतला दगड न् दगड त्यांना पाठ आहे. एका धोंड्याला दोघांनी गिरणी नाव ठेवलं होतं, कारण पावसात त्याच्या खालून घरघर ऐकू यायची. गिरणी कुठेय? दिसत नाही. एकही धोंडा दिसत नाही. सगळी नाळ पांढऱ्याशुभ्र बर्फानं काठोकाठ भरलीय, सारवल्यासारखी सपाट. एरवी इथे हातापायांवर चढावं लागतं, ढोपरं फुटतात.

"वाट केवढी सोपी झालीय रे," जनाभाऊंच्या तोंडून निघून जातं.

"मलाही असंच वाटलं होतं," अनंता म्हणतो.

तो दोन पावलं पुढे उभा आहे. चप्पल घातलीय, दुकानात घालायचा तीच. जनाभाऊंना आता प्रथमच थोडी भीती वाटते. ते त्याला हाक मारून बघतात. ह्या नाळेत हाक मारली की समोरच्या कातळावर आपटून ती तशीच परत यायची, दोघं पोरांना घेऊन यायचे ते खास तेवढ्यासाठी. आज काहीच परत येत नाही. हाक जाते आणि संपते.

मग अनंता सांगायला लागतो, आणि इतक्या वर्षांत ज्याबद्दल कुणी विचारलं नाही ते जनाभाऊंना चालता चालता कळतं. कल्याणची पोरं थकली होती. त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून अनंता पुढे चालत एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होता. एक बाई लग्नाचा शालू रोज परत करायला यायची, तिची. गोष्ट अर्ध्यावर आली आणि बर्फाच्या खालून आवाज आला, हुं. चांगला मोठा, पायाखालून. पोरं हसली. म्हणाली, काका, डोंगरसुद्धा हुंकार देतोय, सांगा पुढे.

"तो आवाज म्हणजे मधली साखर खचल्याचा," अनंता म्हणतो. "तो आला की आल्या पावली मागे फिरायचं असतं. पण आपण कुठली माणसं? कुणी हुं म्हटलं की आपल्याला आणखी चेव येतो. मी सांगितली पुढे."

"मग?"

"मग काय. शालूचं शेवटी काय झालं ते सांगायचं राहिलं."

जनाभाऊंना हसू येत नाही. त्यांना एकदम हिमाचलातली ती दुसरी नाळ आठवते. ते बर्फात बसकण मारतात. मला हे ठाऊक नव्हतं, म्हणतात. अनंता म्हणतो, मलाही नव्हतं. त्याच्या बोलण्यात राग नाही, आणि तेच जनाभाऊंना जास्त लागतं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते विचारू नये ते विचारतात. म्हणतात, आत गेल्यावर फार त्रास झाला का रे?

अनंता चपलेवरचा बर्फ झटकतो. मग साधेपणानं सांगतो. येताना बर्फ पाण्यासारखा येतो आणि थांबला की सिमेंट होतं. तू खांब पुरायचास ना खड्ड्यात, तसा पुरलेला. बोट हलत नाही. वर कुठलं, खाली कुठलं, तेही कळेना. मग मी थुंकलो. थुंकी गालावरून कपाळाकडे गेली, तेव्हा समजलं की आपण उलटे आहोत. आणि पोरं माझ्या डोक्यावरूनच हिंडत होती.

"ती हाका मारत होती, जना. मला सगळं ऐकू येत होतं. एक जण रडत होता तेही. मी इथून बोलत होतो, अगदी इथून, आणि त्यांना काही ऐकू जात नव्हतं."

जनाभाऊ त्याचा हात धरतात. हात हातासारखा आहे, फक्त थंड. ते त्याला गयावया करायला लागतात. एरवी कुणापुढे न वाकणारा माणूस, रजा नाकारली तेव्हाही साहेबाच्या दाराशी उभा न राहिलेला, तो बर्फात गुडघे टेकून म्हणतो, तू जा. तुला तिकडची वाट माहीत आहे. तू तिला लहानपणी खांद्यावर घेतलंयस, तुझं ती ऐकेल. तिला म्हणावं धारेनं जा. बापाला काही कळत नाही म्हणावं.

"मला ती दिसत नाही रे."

"नीट बघ."

"आमच्याकडे यायला निघालेलं माणूसच मला दिसतं. दिसत नाही ते बरं समज."

आता जनाभाऊंचं डोकं फिरतं. मेल्यावरही लेकाचा नुसता बसून राहणार, मापं घेणार, चादरी दाखवणार! ते त्याला सोडून धावत सुटतात, आणि धावत येतात ते मुरबाडच्या एसटी स्टँडवर. स्टँड रिकामा आहे. फलाटावर गाडी लागलीय, तिच्या पाटीवर काही लिहिलेलं नाही, पण ती तिकडेच जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ते आत चढतात. कंडक्टर घंटी मारतो. गाडी हलत नाही. पुन्हा घंटी, पुन्हा घंटी. जनाभाऊ खिडकीतून बाहेर बघतात तर बर्फ काचेपर्यंत आलाय. कंडक्टर त्यांना समजावतो, काका, हिला वेळ लागेल, तुम्ही आपले चालत जा.

चालत कुठे जाणार? स्टँडबाहेर त्यांचाच एक खांब उभा आहे, म्हसा रोडवरचा, ह्यावर ते हजारदा चढलेत. कमरेला पट्टा आहेच. ते चढायला लागतात. खांब संपत नाही. खाली मुरबाड लहान होत जातं, चिंचा, कौलं, पाण्याची टाकी, सगळं पांढऱ्यात बुडून जातं. ते चढतच राहतात. शेवटी तारा हाताला लागतात तेव्हा समोर ती खिंड असते.

किती जवळ आहे! दोन डोंगरांमधला खोलगट काठ, निळं आभाळ, आणि काठावर पाच ठिपके. सगळ्यांत पुढचा ठिपका पल्लवीचा. ती नेहमी पुढेच असते, हेही बापानंच शिकवलेलं. ती नाळेच्या तोंडाशी येते आणि खाली वाकून काठीनं पुढची जागा ठोकून बघते. नाळेत शिरण्याआधी दगड हलता आहे का ते काठीनं बघायचं, ही त्यांची शिकवण. पोरगी एकूण एक गोष्ट बरोबर करतेय. तिथे दगडच नाहीत.

खांबाच्या पायथ्याशी अनंता येऊन उभा राहिलाय. डोळ्यांवर हात धरून तोही तिकडेच बघतोय.

"जना," तो खालून विचारतो, "आपली पल्लवी चालताना उजवा पाय जरा बाहेर टाकते का रे?"

"हो. लहानपणी पडली होती ना. का?"

अनंता डोळे आणखी बारीक करतो.

"अनंता, का विचारतोस?"

"अजून पुसट आहे," अनंता म्हणतो, आणि त्याचा आवाज रडवेला होतो. "तू हाक मार तिला. मार लवकर."

जनाभाऊ ओरडतात. नको पल्लवी, नको. मागे फिर. धारेनं जा. आवाज तोंडातून निघतो आणि समोरच्या पांढऱ्यात जिरून जातो, वाळूत पाणी ओतल्यासारखा. ते पुन्हा ओरडतात. पोटातून, बेंबीच्या देठापासून ओरडतात, मानेच्या शिरा तट्ट फुगतात, पट्टा कमरेत रुततो. नको, नको, नको. ठिपका वर बघत नाही. ते तिला लहानपणच्या नावानं हाक मारतात, देवाला हाका मारतात, ज्या साहेबानं रजा दिली नव्हती त्यालासुद्धा हाका मारतात. घशात काहीतरी फाटतं. ते थांबत नाहीत. पल्लवी काठी पुढे रोवते आणि एक पाय नाळेत टाकते.

आणि कुठूनतरी, खांबातून, हाडांतून, आवाज येतो. हुं.

पुन्हा, हुं.

फडताळावर फोन थरथरतोय. लाकडावर घुमतोय. हुं, हुं. पंखा फिरतोय, फरशी अंगाखाली घामानं ओली झालीय, दारातून उन्हाचा पट्टा आत आलाय. जनाभाऊ उठतात ते धडपडतच, गुडघा खाटेच्या पायावर आपटतो, त्याची शुद्ध नाही. फोनवर नाव दिसतंय, पल्लवी.

जिवंत आहे. अजून वर आहे. जनाभाऊंना हुंदका फुटतो. पोरीनं फोन केलाय, वेळेवर केलाय, आता काही बिघडलेलं नाही. ते हिरवं बटण सरकवून फोन कानाशी धरतात.

पलीकडे वारा आहे, आणि वाऱ्यात तिचा आवाज, धापा टाकणारा, आनंदी. बाबा, पोचलो खिंडीत. इथे एक काडी रेंज येतेय, कधीही जाईल. नाळ दिसतेय समोर, एकदम गुळगुळीत आहे, एक दगड नाही. पण धारवाले अजून कुरकुर करतायत. आणि बाबा, मगाशी वर येताना पायाखालून कसला तरी आवाज आला, तेव्हापासून मलाही जरा कसंतरी वाटतंय. म्हणून म्हटलं, एकदा तुम्हाला विचारून घेऊ.

"बाबा? नाळेनंच उतरायचं ना?"

जनाभाऊ तोंड उघडतात आणि आवाज नाही.

घसा आहे तो नुसता सोललेला. जिभेला रक्ताची चव लागतेय. आवाज म्हणून जे काही होतं ते सगळं झोपेत ओरडून संपलंय, टिपूस उरलेलं नाही. ते खाकरतात, आग होते. ते हातानं मान धरतात, डोळे मिटतात आणि अंगातला सगळा जोर लावून म्हणतात, नको. ओठ म्हणतात, जीभ म्हणते. पण पहिलं अक्षर नाकातच राहतं, दुसऱ्याचा क घशात अडकतो आणि बाहेर येते ती त्याची शेपटी, फाटकी, हवा मिसळलेली.

"...ओ."

"हो ना?" पल्लवी म्हणते. "बास. तुम्ही हो म्हणालात की मला धीर येतो. खाली पोचले की फोन करते हं."

नाही, म्हणायला जनाभाऊ पुन्हा तोंड उघडतात. फोनमधला वारा थांबलेला असतो.

ते उलटा फोन लावतात. एक बाई गोड आवाजात सांगते की आपण ज्यांच्याशी संपर्क करू इच्छिता ते परिक्षेत्राच्या बाहेर आहेत. पुन्हा लावतात, पुन्हा तीच बाई. मग अंगठ्यानं ते लिहितात, नको. लिहितात, धारेनं जा. लिहितात, मी नको म्हटलं होतं. तिन्ही मेसेज जातात, आणि तिन्हींपुढे एकेकच टिक येते.

भिंतीपलीकडून कुमुदवहिनींनी फोनचा आवाज ऐकलाय. कुरडयांच्या चिकानं भरलेले हात घेऊनच त्या तिथून मोठ्यानं विचारतात, अहो, पल्लवीचा का? काय म्हणतेय?

जनाभाऊ दारापर्यंत जातात, चौकटीला धरून उभे राहतात आणि सांगायला लागतात. वहिनी पुन्हा विचारतात, अहो, ऐकताय ना? झोपलात की काय?